सगळ्यांना मिळून एकच आकडा

सुहैब वाईट मुलगा नव्हता, आळशीही नव्हता. इरबिद शहराच्या उत्तरेला दैर अल-लौज नावाचं गाव आहे, तिथल्या एका गवंड्याचा तो थोरला मुलगा. घरात पहिला पदवीधर. कॉलेजात प्रोग्रामिंग शिकला म्हणजे काय शिकला, तर परीक्षेला जे यायचं ते पाठ केलं. व्हेरिएबल म्हणजे काय, क्लास म्हणजे काय, ऑब्जेक्ट म्हणजे काय, याच्या व्याख्या त्याला झोपेतून उठवून विचारल्या असत्या तरी आल्या असत्या. मास्तरही तसेच. शंका विचारली की म्हणायचे, "लिहून घे रे, पुढे कळेल आपोआप." वर्गातल्या बहुतेकांना ते पुढे कळलं नाही आणि बहुतेकांचं त्यावाचून काही अडलंही नाही.

युनिव्हर्सिटी रस्त्यावर, कुनाफा नावाच्या तुपातल्या मिठाईच्या एका दुकानाच्या वर बशीर नावाच्या माणसाचं छोटं ऑफिस होतं. तीन टेबलं, एक गॅसची शेगडी आणि खालून सतत येणारा तापलेल्या तुपाचा वास. सुहैब तिथे लागला. बशीर दवाखाने, शाळा, गोदामं, मिळेल त्याला सॉफ्टवेअर करून द्यायचा. पहिलं मोठं काम मिळालं ते डायलिसिस केंद्राचं, आणि ते त्याने सुहैबकडे दिलं.

ज्यांची मूत्रपिंडं गेली आहेत अशी माणसं आठवड्यातून तीनदा त्या केंद्रात येतात, पलंगावर पडतात आणि यंत्र त्यांच्या अंगात साचलेलं पाणी काढून घेतं. किती काढायचं, तर हिशेब सरळ आहे. प्रत्येक माणसाचं एक कोरडं वजन डॉक्टरांनी ठरवून दिलेलं असतं, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसताना तो जेवढा भरेल तेवढं. आज वजन जितकं वर, तितकं पाणी काढायचं, किलोला लिटर. कमी काढलं तर दम लागतो. जास्त काढलं तर रक्तदाब खाली जातो, आणि म्हाताऱ्या माणसाचं काळीज ते सोसत नाही.

हा हिशेब सुहैबने लिहिला. लिहिताना एका ठिकाणी स्क्रीनवर लाल रेघ उमटली. कोरड्या वजनाचं व्हेरिएबल तिथून वापरता येत नाही, अशी काहीतरी तक्रार होती. बाजूला पिवळा दिवा लागला आणि त्याच्यावर उपाय आयता लिहिलेला होता: या व्हेरिएबलच्या आधी 'स्टॅटिक' शब्द घाला. सुहैबने घातला. लाल रेघ गेली. प्रोग्राम चालला. चार पेशंटांची नावं घालून त्याने पाहिलं, चारही आकडे बरोबर आले. बशीरने पाठ थोपटली, खालून कुनाफा मागवला.

दोन वर्षं काही झालं नाही. केंद्रात प्रत्येक पलंगाजवळ आपापला जुना कॉम्प्युटर होता आणि प्रोग्राम प्रत्येकावर वेगळा चालायचा. मग केंद्राने ते सगळे काढून एक मोठा कॉम्प्युटर आतल्या खोलीत ठेवला आणि पलंगांजवळ नुसते स्क्रीन राहिले. सुहैब स्वतः जाऊन प्रोग्राम त्या मोठ्या कॉम्प्युटरवर चढवून आला. एक ओळही बदलावी लागली नाही, याचा त्याला आनंदच झाला.

त्यानंतरच्या ईदच्या पाठोपाठ हाज मिफ्लिह गेले.

हाज मिफ्लिह शाळेची बस चालवायचे. निवृत्त झाले तरी रस्त्याने जाताना पोरं त्यांना हाक मारायची. बकरी ईदच्या सुट्टीनंतर केंद्र उघडलं तेव्हा सगळेच पेशंट फुगून आले होते. सणात मटण आणि जमीद, म्हणजे खारवलेलं सुकं दही, खाल्लेलं, चहा प्यालेला, कुणाचं पथ्य राहतं? दोन नर्स एकदम दोन पलंगांवर माणसं घेत होत्या. हाजना सब्हा नावाच्या नर्सने घेतलं. शेजारच्या पलंगावर एक शिंपी होता, हाजपेक्षा किंचित हलका. हाजचं वजन भरलं चौऱ्याहत्तर. त्यांचं कोरडं वजन एकाहत्तर, म्हणजे तीन लिटर काढायचं. स्क्रीनने सांगितलं पाच. सब्हाने पाच लावलं. शेवटच्या तासात हाज म्हणाले, पोरी, गार वाटतंय गं. तिने पांघरूण घातलं, रक्तदाब पाहिला आणि धावत डॉक्टरांना आणायला गेली. डॉक्टर आले तोवर उशीर झाला होता.

चौकशी झाली. यंत्र तपासलं, ठीक निघालं. प्रोग्राममध्ये हाजचं नाव उघडून पाहिलं तर एकाहत्तर दिसत होतं, तीन लिटर दिसत होतं. मग पाच आलं कुठून? सब्हा सांगत राहिली की स्क्रीनवर पाच होतं. कुणी ऐकलं नाही. हलगर्जीपणाने मृत्यू, असा गुन्हा लावून तिला नेलं.

बशीरने सुहैबला केंद्रात पाठवलं. काम एवढंच की आपल्या प्रोग्रामचा काही दोष नाही, असं दाखवून यायचं. सुहैबने हाजचं नाव उघडलं, एकाहत्तर. त्याला हायसं वाटलं. उठता उठता, का कोण जाणे, त्याने शेजारच्या स्क्रीनवर शिंप्याचं नाव उघडलं. एकोणसत्तर. मग पुन्हा पहिल्या स्क्रीनकडे येऊन त्याने हिशेबाचं बटण दाबलं. हाज मिफ्लिहच्या नावापुढे पाच लिटर आलं.

त्याने बटण पुन्हा दाबलं, पुन्हा पाच. केंद्राच्या माणसाने विचारलं, झालं का? तो म्हणाला, झालं.

ऑफिसात येऊन त्याने प्रोग्राम उघडला. दोष शोधायला वेळ लागला नाही, तो एका शब्दात होता. वेळ लागला तो शब्द समजायला. पहिल्या वर्षाचं पुस्तक माळ्यावरून काढून तो वाचत बसला, व्याख्या नव्हे, त्यांच्या खालची उदाहरणं, जी त्याने कधी वाचलीच नव्हती. क्लास म्हणजे साचा. त्या साच्यातून ऑब्जेक्ट काढायचे, प्रत्येक पेशंटचा एक. साच्यात साधं व्हेरिएबल लिहिलं की निघणाऱ्या प्रत्येक ऑब्जेक्टला त्याची आपली वेगळी जागा मिळते. हाजच्या जागेत हाजचा आकडा, शिंप्याच्या जागेत शिंप्याचा. एकात काही लिहिलं तर दुसऱ्याला धक्का लागत नाही. पण त्याच व्हेरिएबलला स्टॅटिक म्हटलं की ती जागा ऑब्जेक्टची राहत नाही, साच्याची होते. मग शंभर पेशंट असोत, जागा एक. ज्याने शेवटी लिहिलं त्याचा आकडा तिथे असतो, आणि बाकीचे नव्याण्णव आपलाच समजून तो वाचतात.

जुन्या कॉम्प्युटरांवर प्रोग्राम वेगळा चालायचा, म्हणून एका वेळी एकच पेशंट तिथे असायचा आणि चूक झाकून राहिली होती. मोठा कॉम्प्युटर आला आणि सगळे एका जागेवर आले. ती लाल रेघ त्याला हेच सांगत होती: कुठल्या पेशंटचं वजन ते आधी सांग. त्याने तिला उत्तर दिलं नाही. नुसतं गप्प केलं.

बशीरला त्याने सगळं दाखवलं. बशीर मूर्ख नव्हता, त्याला लगेच समजलं. त्याने उठून दार लोटलं.

"हे तुझ्या-माझ्याशिवाय कुणी पाहिलंय?"

"नाही."

"मग आजच तो शब्द काढून टाक. दुरुस्त केलेला प्रोग्राम उद्या चढवून ये. विचारलं तर म्हणायचं, नेहमीची देखभाल."

"आणि ती नर्स?"

"नर्सने डोळे उघडे ठेवायला नको होते? पाच लिटर काय कमी असतं?" मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "हे बघ बाळा, गेलेला माणूस येत नाही. तू बोललास तर जिवंत माणसं बुडतील. तू, मी आणि तुझा बाप."

सुहैबने शब्द काढला. प्रोग्राम चढवला. आणि गप्प बसला. आपण गप्प बसणारे आहोत हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. आई म्हणायची, पोरगा जेवत नाही, कुणाची दृष्ट लागली. तो मनात मागचे सगळे आठवडे उकरत बसायचा. मोठा कॉम्प्युटर आल्यापासून दोन नर्सांनी एका वेळी किती पेशंट उघडले असतील? कुणाला पेटके आले असतील, कुणी घरी जाऊन पडलं असेल, एखादा गेलाही असेल आणि घरच्यांनी देवाची मर्जी म्हणून पुरला असेल. हे त्याला कधीच कळणार नव्हतं. ते आकडे कुठे राहिलेच नव्हते. एकाच्या जागी दुसरा बसला, दुसऱ्याच्या जागी तिसरा.

महिना होत आला तेव्हा केंद्रात कसल्याशा कामाला गेला असताना त्याला सब्हाचा बाप दिसला. मफ्रककडचा मेंढपाळ, उन्हाने काळा पडलेला, डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल. मुलीची कपाटातली चीजवस्तू न्यायला आला होता. कामावर वापरायच्या पांढऱ्या सपाता एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याला कुणीतरी दिल्या. म्हाताऱ्याने पिशवी उघडून पाहिली, बंद केली आणि तिथल्या प्रत्येकाला, सुहैबलासुद्धा, सांगत सुटला, "माझी मुलगी खोटं बोलत नाही हो. लहानपणीसुद्धा कधी बोलली नाही." लोक मान हलवत होते आणि बाजूला होत होते.

सुहैब तिथून निघाला तो थेट सरकारी वकिलाच्या कचेरीत गेला.

तिथे त्याला पहिल्यांदा कळलं की खरं सांगणं पुरत नाही, ते समोरच्याला समजावंही लागतं. व्हेरिएबल, क्लास, स्टॅटिक, तो बोलत होता आणि कारकून लिहीत होता. शेवटी वाचून दाखवलं तेव्हा कागदावर एवढंच होतं: कॉम्प्युटरमध्ये बिघाड होता. सुहैब म्हणाला, बिघाड नव्हता, कॉम्प्युटरने मी सांगितलं तेच केलं. कारकून म्हणाला, मग बिघाड नव्हता असं लिहू का? त्या एका ओळीवर दुपार गेली.

घरी सांगितलं तेव्हा बाप भिंतीला टेकून बसला होता. त्या भागात थोरल्या मुलाच्या नावानेच बापाला हाक मारतात. गावाला तो अबू सुहैब, सुहैबचा बाप. त्याचं स्वतःचं नाव काय, हे निम्म्या गावाला सांगता आलं नसतं. 

"मी आयुष्यभर भिंती बांधल्या," बाप म्हणाला. "एक पडली नाही. आता मला रस्त्यात हाक मारतील ती तुझ्या नावाने. आणि मी वळून पाहीन."

पण दुसऱ्या दिवशी तोच उठून भाऊबंदांकडे गेला. रीत चुकवून चालणार नव्हतं. आपल्या माणसाच्या हातून कुणाचा जीव गेला, जाणूनबुजून असो की चुकून, तर कुळातल्या वडीलधाऱ्यांना घेऊन मृताच्या दारी जायचं, मान खाली घालायची आणि माफी मागायची. याला जाहा म्हणतात. सब्हाच्या बापाने आपली जाहा आधीच नेली होती आणि हाजच्या माणसांनी ती परत पाठवली होती.

हाजच्या अंगणात तंबू ठोकला होता. हाजच्या बाजूने त्यांच्या कुळाचे शेख मुतलक बसले होते आणि त्यांच्या बाजूला हाजचा मुलगा नायफ. तोही बसच चालवायचा, बापाच्याच मार्गावर. कॉफी आली. पाहुण्यांच्या म्होरक्यापुढे पेला ठेवला, त्याने तो उचलला नाही. मागणं मान्य होईपर्यंत प्यायचा नसतो. बाकीच्या सगळ्यांना पाळीपाळीने एकाच पेल्यातून द्यायची म्हणून कॉफीवाला दल्ला, म्हणजे चोचीची किटली, आणि एक रिकामा पेला हातात धरून उभा राहिला.

शेख मुतलक म्हणाले, "आधी मुलगी दोषी होती. आता तुम्ही म्हणता मुलगा दोषी. आम्हाला नीट सांगा, आमचा माणूस कशाने गेला?"

सुहैब उभा राहिला आणि पुन्हा तेच शब्द बोलू लागला. ऑब्जेक्ट, व्हेरिएबल. म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. मागून बापाने हळूच म्हटलं, "माणसांसारखं बोल रे."

त्याचं लक्ष कॉफीवाल्याच्या हाताकडे गेलं.

"शेखसाहेब, घरात जेवताना प्रत्येकाचा पेला वेगळा. माझ्यात मी काय ओतलं त्याचा तुमच्याशी संबंध नाही. मी तसं लिहायला हवं होतं. प्रत्येक पेशंटचं वजन त्याच्या त्याच्या पेल्यात. पण मी लिहिलं ते बैठकीतल्या या पेल्यासारखं. सगळ्यांना मिळून एक. त्या पेल्यात हाजचं वजन ओतलं होतं. पण ते वाचायच्या आधी शेजारच्याचं त्यातच ओतलं गेलं. नर्सने पेला पाहिला, त्यावर हाजचं नाव होतं. आत दुसऱ्याचं होतं."

 नायफने मान वर केली.

"म्हणजे माझ्या बापाच्या अंगातलं पाणी त्या शिंप्याच्या मापाने काढलं?"

"हो."

"तुला ठाऊक होतं, असं होईल म्हणून?"

"नाही."

"मग काय लिहितोयस हे ठाऊक नसताना लिहिलंसच कशाला?"

 लाल रेघ आली होती, ती घालवायची होती, हे त्या तंबूत सांगण्यासारखं नव्हतं. तरी सुहैबने ते सांगितलं, कारण दुसरं काही नव्हतंच. नायफ त्याच्याकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपल्या बापाच्या मरणाला कारण एवढंसंच असावं, हे त्याला पटत नव्हतं. वैर असतं, दारू पिऊन कुणी गाडी घातली असती, तर धरायला काही तरी असतं.

शेख मुतलकांनी हातातली जपमाळ बाजूला ठेवली. मग म्हणाले, मुलगा आपल्या पायांनी आला, कुणी ओढून आणलेला नाही. मुलीवरचा दावा आम्ही सोडला. तुमचं मागणं मान्य, कॉफी घ्या. म्होरक्याने पेला उचलला, मग सगळ्यांना कॉफी दिली. नायफपाशी पेला आला तेव्हा त्याने हात आडवा केला आणि उठून घरात गेला. रीतीप्रमाणे माफी झाली होती. त्याच्यापुरती झाली नव्हती, आणि कुणी त्याला दोषही दिला नाही.

कोर्टात खटला चालला. सब्हा सुटली. सुहैबला शिक्षा झाली, पण मृताच्या माणसांनी माफ केलं म्हणून ती कमी झाली. ती भोगून तो बाहेर आला तेव्हा बशीरने ऑफिस बंद करून झर्काला दुसऱ्या नावाने उघडलं होतं. सुहैबला प्रोग्रामिंगचं काम कुणी दिलं नाही. त्यानेही फार दारं ठोठावली नाहीत. बापाच्या हाताखाली तो फरशा बसवायला लागला. बाप त्याच्याशी कामापुरतं बोलायचा: सिमेंट आण, दोरी धर. जेवायच्या वेळी दोघं रोटी मोडून वाटून घ्यायचे आणि आपापल्या दिशेला पाहत खायचे.

शेजारपाजारची कॉलेजातली मुलं कधीमधी अडलं की त्याच्याकडे यायची. व्हेरिएबलची जागा कोणाची, हे समजावताना तो इतका वेळ घ्यायचा की मुलं कंटाळायची. एक जण म्हणालाच, "दादा, परीक्षेत एवढं विचारत नाहीत." सुहैब म्हणाला, "माहीत आहे." आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला. तो मुलगा परत आला नाही.

सब्हाकडे जायचं त्याने फार दिवस टाळलं. शेवटी एका शुक्रवारी नमाज झाल्यावर बस बदलत बदलत मफ्रकच्या पलीकडे तिच्या वस्तीवर गेला. बापाने ओळखलं, बसायला गादी टाकली, गोड चहा दिला. सुहैबला वाटलं होतं ती पुन्हा कामावर गेली असेल. बाप म्हणाला, केंद्राने बोलावलं होतं, नाही गेली. आता बकऱ्या बघते, धाकट्या बहिणीची मुलं बघते.

ती बाहेर आली आणि दाराशीच उभी राहिली. त्याच्या मनात होतं त्यापेक्षा वयाने लहान होती. सुहैबने माफी मागितली. वाटेत घोकलेलं सगळं म्हणून झालं तोवर ती ऐकत राहिली.

"तुम्ही बोललात म्हणून मी घरी आले," ती म्हणाली. "नाही बोलला असतात तर अजून आत असते. ते मी विसरत नाही, दादा."

"तुमची काहीच चूक नव्हती," सुहैब म्हणाला.

सब्हाने बापाकडे पाहिलं. तो चहाची किटली घेऊन आत गेला होता.

"कोर्टात मला कुणी विचारलं नाही, म्हणून मी सांगितलं नाही," ती म्हणाली. "हाजना मी दोन वर्षं घेत होते. त्यांचं तीन असतं, कधी साडेतीन. पाच बघून माझा हात थांबला होता. मनात आलं, एकदा त्यांचा मागचा कागद काढून बघावा. पण मागे माणसं ताटकळत होती, सगळेच सणाचं खाऊन आलेले. म्हटलं, कॉम्प्युटरला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

  आपण खरं सांगितलं म्हणून निदान हिच्यावर तरी काही दोष उरला नाही, एवढ्या एका गोष्टीला धरून सुहैब इतके दिवस उभा होता.

"ते गार वाटतंय म्हणाले," सब्हा म्हणाली, "तर रक्तदाब बघायच्या आधी मी त्यांना पांघरूण घातलं."

एवढं बोलून ती आत गेली. बाप किटली भरून बाहेर आला, सुहैबला दुसरा पेला दिला आणि यंदा बकऱ्यांना चारा कसा मिळत नाही, ते सांगत बसला. सुहैबने चहा संपवला. शेवटची बस लवकर जाते म्हणाला आणि उठला.